हॉप्सचे पाणी : एलचा सुगंध, मद्याविना

हॉप्स, म्हणजे बिअरला वास आणि कडवटपणा देणारी एका वेलीची फुले, सढळ हाताने घातलेली एल बिअर ज्यांना आवडते, त्यांना बहुधा मद्यार्कापेक्षा त्या फुलांच्या वासाचीच ओढ अधिक असते. पपनसाची साल, पिकू लागलेला आंबा, नुकते कापलेले गवत, क्वचित राळ, अशा कितीतरी वासांची आठवण एकाच घोटात होते. हा सुगंध हॉप्सच्या तेलांत असतो आणि तो पाण्यात उतरवण्यासाठी माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य), यीस्ट किंवा आंबवण्याची क्रिया यांपैकी कशाचीच गरज नसते. घरी एल करण्याचा विचार मनात असणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही आणि स्वतःपुरती केलेली बिअर त्याला अपवाद नाही. म्हणून एल करणारे हॉप्स हाताळताना जी तंत्रे वापरतात, तीच घेऊन हॉप्सचे पाणी कसे करावे, हे येथे सांगत आहे. हे पेय आंबवलेले नसते, त्यात साखर नसते आणि ते थंड सोड्यात मिसळून प्यायचे असते. कोकणातल्या एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात कोकम सरबताच्या शेजारी ते मानाने बसू शकते, असे माझे ठाम मत आहे.

हॉप्स म्हणजे ह्युम्युलस ल्युप्युलस या वेलीची मादी फुले. वेल भांगेच्या कुळातली असली तरी तिच्यात भांगेची नशा नसते. फुलाच्या पाकळ्यांच्या बुडाशी ल्युप्युलिन नावाची पिवळी भुकटी असते आणि आपल्याला हवे ते सारे तिच्यातच असते. एकीकडे मायर्सीन, लिनालूल, जिरॅनिऑल यांसारखी सुगंधी द्रव्ये, दुसरीकडे अल्फा आम्ले. ही आम्ले मुळात फारशी कडू नसतात. पाण्यात उकळत राहिली की त्यांची रचना बदलते आणि तेव्हा बिअरचा ओळखीचा कडवटपणा येतो. या वेलीला कडक थंडी आणि उन्हाळ्यातले लांबलचक दिवस लागतात. भारतात तिची लागवड हिमाचल प्रदेशातल्या लाहौलसारख्या थंड खोऱ्यात झाली आहे. कोकणातल्या परसात वेल लावून फुलांची वाट पाहण्यात अर्थ नाही. बिअरचे साहित्य विकणाऱ्या ऑनलाइन दुकानांतून हॉप्सच्या दाबलेल्या गोळ्या, म्हणजे पेलेट, मागवाव्यात.

पाकीट घरी आल्याबरोबर करायचे पहिले काम वाटणीचे आहे आणि आपल्या हवेत ते टाळून चालत नाही. हॉप्सचे शत्रू तीन: उष्णता, हवेतला प्राणवायू आणि ओल. फ्रीझरमधून काढलेले थंड पाकीट दमट हवेत उघडले की आतल्या गोळ्यांवर लगेच बाष्प धरते आणि दर वेळी पाकीट उघडताना सुगंध थोडा थोडा कमी होत जातो. म्हणून अर्ध्या तासाच्या आत, पंखा बंद करून, सहा-सहा ग्रॅमच्या पुड्या जाड प्लॅस्टिकच्या छोट्या पिशव्यांत भराव्यात, हवा दाबून काढावी, तोंड घट्ट बंद करावे आणि सगळ्या पिशव्या एका डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. पुढे दर खेपेला एकच पुडी बाहेर येते आणि बाकीच्यांना हवा लागत नाही. जुन्या चीजसारखा किंवा घामट वास येणारे हॉप्स टाकून द्यावेत, कारण असा वास कोणत्याही कृतीने झाकत नाही. वजनासाठी दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्यावा. चमच्याच्या मापाने केलेले पेय पुन्हा तसेच जमत नाही.

पाणी आणि आंबटपणा

जांभ्या दगडातल्या विहिरीचे पाणी सहसा मऊ असते आणि या कामाला ते उत्तम. खाडीलगतच्या विहिरींचे पाणी मात्र उन्हाळ्यात मचूळ होते. ते वापरू नये. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर त्याचा हॉप्समधल्या फिनॉल द्रव्यांशी संयोग होऊन औषधी वास येऊ शकतो. असे पाणी झाकण न ठेवता दहा-पंधरा मिनिटे खळखळून उकळावे. विहिरीचे पाणीही उकळूनच घ्यावे, कारण या पेयात जंतूंना रोखणारा मद्यार्क नाही.

आता ज्या गोष्टीकडे नवशिक्याचे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, तिच्याकडे वळू. एलमध्ये माल्टचा काढा स्वतःच किंचित आम्लधर्मी असतो, त्यामुळे हॉप्स त्यात सौम्यपणे उतरतात. नुसत्या पाण्याला असा आधार नसतो. गरम, आम्ल नसलेल्या पाण्यात हॉप्स टाकले की पानांतली तुरट द्रव्ये भराभर सुटतात आणि उकळलेल्या पालेभाजीच्या पाण्यासारखी चव येते. म्हणून हॉप्स पडण्यापूर्वी पाण्यात आम्ल गेलेच पाहिजे. एक लिटर पाण्याला दोन मध्यम कागदी लिंबांचा गाळलेला रस, म्हणजे सुमारे ३० मिलिलिटर, पुरतो. पीएच पट्टीवर, म्हणजे आंबटपणा मोजणाऱ्या कागदी पट्टीवर, आकडा ४ किंवा त्याहून कमी यावा. हा आकडा चवीइतकाच सुरक्षिततेसाठीही महत्त्वाचा आहे, कारण इतक्या आंबट द्रवात धोकादायक जंतूंना वाढणे अवघड जाते. विहिरीचे किंवा बोअरवेलचे पाणी जड (क्षारयुक्त) असेल तर रस थोडा जास्त लागेल. अंदाजावर न जाता पट्टी पाहावी.

कोकम हाताशी असताना लिंबू कशाला, असा प्रश्न कोकणात पडणारच. कोकमाचा आंबटपणा या पेयाला फार चांगला साथ देतो, परंतु त्याचा गडद लाल रंग पट्टीवर चढतो आणि आकडा नीट वाचता येत नाही. शिवाय त्याची स्वतःची चव इतकी ठसठशीत असते की भिजवण्याच्या वेळीच ते घातल्यास हॉप्स मागे पडतात. आम्लाचे काम लिंबावर सोपवावे आणि कोकम पेल्यासाठी राखून ठेवावे.

अर्क काढण्याची कृती

चार लिटर पेयासाठी एक लिटर अर्क आणि सहा ग्रॅम हॉप्स लागतात; म्हणजे तयार पेयात लिटरमागे दीड ग्रॅम पडतात. तापमान ७५ ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान हवे. त्याच्या वर गेल्यास सुगंधी तेले वाफेबरोबर निघून जातात आणि अल्फा आम्ले कडू होऊ लागतात. ८० अंशांखाली हे रूपांतर फार मंद असते. एल करणारे उकळण्याचा टप्पा संपल्यावर, काढा या तापमानाला उतरला की त्यात हॉप्सचा मोठा भाग घालतात, तो याच कारणासाठी. थर्मामीटर नसेल तर सोपा हिशेब आहे. समुद्रकाठी पाणी १०० अंशांना उकळते. ७०० मिलिलिटर उकळत्या पाण्यात आधी उकळून घरच्या तापमानाला आलेले ३०० मिलिलिटर पाणी मिसळले की मिश्रण हवे तेथे येऊन थांबते.

स्टीलच्या टोपात हे मिश्रण करून गॅस बंद करावा, लिंबाचा रस घालावा, एकदा ढवळावे आणि मग हॉप्सची पुडी मोकळी करावी. गोळ्या काही क्षणांतच फुटून हिरवा चोथा वर तरंगू लागतो. झाकण ठेवून दहा मिनिटे थांबावे. मधूनमधून ढवळण्याची आवश्यकता नाही. हवा मिसळल्याने फायदा काहीच होत नाही. दहा मिनिटे होताच टोप बर्फाच्या पाण्याने भरलेल्या मोठ्या घमेल्यात बसवून अर्क शक्य तितक्या लवकर गार करावा, कारण गरम असेपर्यंत तुरटपणा वाढत राहतो आणि सुगंध उडत राहतो. नंतर उकळत्या पाण्यातून काढलेल्या दुहेरी मलमलीतून गाळावे. चोथा पिळू नये. पिळून मिळणारे पाव वाटी द्रव सगळ्या अर्काची चव बिघडवते. स्वच्छ काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवले की उरलेला गाळ तळाशी बसतो आणि वरचा फिकट पिवळसर अर्क अलगद ओतून घेता येतो.

पिताना एक भाग अर्क आणि तीन भाग अतिशय थंड साधा सोडा. अर्क आधी पेल्यात घ्यावा आणि सोडा वरून कडेने ओतावा. उलट केल्यास फेस उतू जातो, कारण हॉप्समुळे फेस जास्त टिकतो. घरी सोडा करण्याचे यंत्र असेल तर त्यात नुसते पाणीच भरावे, अर्क कधीही नाही. अर्क तीन-चार दिवसांत संपवावा आणि तोवर फ्रीजमध्येच ठेवावा. पावसाळ्यात वीज तासन्‌तास गेली आणि बाटली कोमट झाली, तर ती ओतून द्यावी. उजेडाचीही काळजी घ्यावी, कारण सूर्यप्रकाशाने हॉप्सच्या कडू द्रव्यांना उग्र दुर्गंध येतो. बिअरच्या बाटल्या तपकिरी असतात त्या यामुळेच.

प्रयोग

पहिल्या खेपा एकाच जातीच्या हॉप्सवर काढाव्यात. कॅस्केड ही अमेरिकेत १९७२ साली लागवडीसाठी खुली झालेली जात पपनस आणि फुलांच्या वासाची आहे आणि सुरुवातीला तीच घ्यावी. सिट्रा लिंबू, आंबा आणि लिचीकडे झुकते. चेक प्रदेशातली साझ मंद आणि वनस्पतींच्या वासाची असल्याने पाण्यात बरीच हरवते. न्यूझीलंडच्या नेल्सन सॉव्हिनला हिरव्या द्राक्षांचा गंध असतो, तर साब्रोमध्ये संत्र्याबरोबर चक्क नारळाचा. जातींचे मिश्रण करायचे झाल्यास टोपात करू नये. प्रत्येक जातीचा वेगळा अर्क काढावा आणि पेल्यात निम्मे-निम्मे, मग तीनास एक अशा प्रमाणात मिसळून पाहावे. एका संध्याकाळी अनेक पाककृती चाखता येतात आणि महागडे हॉप्स वाया जात नाहीत.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. वेळ पाच मिनिटे की पंधरा, तापमान ७० की ८०, प्रमाण लिटरमागे एक ग्रॅम की दोन, हे प्रश्न स्वतंत्रपणे सोडवावेत आणि प्रत्येक खेपेचे वजन, तापमान, वेळ व पीएच वहीत लिहावे. फरक खरोखर आहे की केवळ वाटतो आहे, हे तपासण्यासाठी घरातल्या कोणाकडून तरी तीन एकसारखे पेले भरून घ्यावेत, दोनांत एक अर्क आणि तिसऱ्यात दुसरा, आणि वेगळा कोणता ते ओळखावे. नुसत्या अंदाजानेही तीनांत एकदा उत्तर बरोबर येते, म्हणून चाचणी पुन्हापुन्हा करावी. ज्या बदलाची चव अशा चाचणीत सापडत नाही, त्यासाठी कष्ट घेऊ नयेत.

यानंतर कोकणाचे जिन्नस. माझ्या मते सर्वांत सुंदर जोडी तिरफळ आणि सिट्रा यांची आहे. बांगड्याच्या तिखल्यात पडणारे तिरफळ लिंबू-संत्र्याच्याच कुळातले आहे आणि त्याच्या टरफलाचा वास हॉप्सच्या वासात सहज मिसळतो, वर जिभेवर हलकी झिणझिण सोडून जातो. काळ्या बिया काढून दोन-तीन फळांची टरफले किंचित ठेचावीत आणि भिजवण्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत घालावीत. अधिक घातल्यास जीभ बधिर होऊन बाकी काहीच कळत नाही. आंबेहळदीचाही विचार करण्यासारखा आहे, कारण हॉप्सच्या तेलातले मायर्सीन तिच्या तेलातही असते. ताज्या कंदाच्या चार पातळ चकत्या एका लिटरला पुरतात. गवती चहा मात्र जपून वापरावा. त्याचा वास ओळखीचा आणि जोरकस असल्याने पेय गवती चहाचेच होऊन बसते. बोंडूचा, म्हणजे काजूच्या फळाचा, रस या पेयात घालू नये, त्याचा तुरटपणा हॉप्सच्या तुरटपणावर चढतो.

कोकमाचे आगळ पेल्यात अर्धा चमचा घालावे. आगळात मीठ असते आणि मीठ कडवटपणाची धार कमी करते, त्यामुळे तयार पेयाच्या लिटरमागे दोन ग्रॅम या हिशेबाने हॉप्स घातलेला कडक अर्कही त्याच्याबरोबर गोलसर लागतो. एल करणारे पाण्यातल्या क्षारांचा असाच विचार करतात: सल्फेट वाढले की हॉप्सचा कडवटपणा कोरडा आणि टोकदार होतो, क्लोराइड वाढले की चव भरीव होते. इंग्लंडमधल्या बर्टन-ऑन-ट्रेंटची पेल एल (फिकट रंगाची एल) एकोणिसाव्या शतकात नावाजली गेली, तिच्या यशात तेथील विहिरींच्या सल्फेटयुक्त पाण्याचा मोठा वाटा होता. शहाळ्याचे पाणीही साब्रोच्या अर्काबरोबर छान लागते. त्यात साखर असल्याने ते आणि फळांचे कोणतेही रस पेल्यातच घालावेत, बाटलीत भरून ठेवू नयेत, नाहीतर ते आंबू लागतात.

झोपेची औषधे घेणाऱ्यांनी हॉप्सचे पेय सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण हॉप्सचा गुंगी आणणारा गुण पूर्वापार मानला गेला आहे. आणि गाळून उरलेला चोथा परसात, माडाच्या आळ्यात उघडा टाकू नये. कुत्र्यांनी हॉप्स खाल्ल्यास त्यांच्या शरीराचे तापमान धोकादायकरीत्या वाढते आणि त्यात ती दगावू शकतात. चोथा मातीत खोल पुरावा किंवा झाकणाच्या खतकुंडीत टाकावा.