स्तनांचे इम्प्लांट निवडताना आकाराचा प्रश्न शेवटी घ्यावा

स्तनवर्धनाच्या शस्त्रक्रियेसाठी सल्ला घ्यायला जाणाऱ्या स्त्रीच्या मनात बहुतेक वेळा एक आकडा आधीच ठरलेला असतो. कोणाकडून तरी ऐकलेला किंवा एखाद्या छायाचित्राखाली वाचलेला तो ‘तीनशे सीसी’ असतो आणि मग सगळी चर्चा त्याच्याभोवती फिरत राहते. वास्तविक सीसी, म्हणजे मिलिलिटर, हे केवळ आकारमान आहे. तेच तीनशे सीसी अरुंद छातीवर एक रूप घेतात आणि रुंद छातीवर दुसरेच. म्हणून निर्णयांचा क्रम उलटा ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे : आधी इम्प्लांटचा पृष्ठभाग, मग आतला पदार्थ, मग ते कोठे बसवायचे, आणि आकार सर्वांत शेवटी.

पृष्ठभाग पहिला, कारण त्याचा संबंध दिसण्यापेक्षा आरोग्याशी अधिक आहे. आत काहीही भरलेले असले तरी इम्प्लांटचे बाहेरचे कवच सिलिकॉनचेच असते. ते गुळगुळीत असते किंवा खरखरीत, म्हणजे टेक्स्चर्ड. खरखरीत कवचाला भोवतालच्या ऊती धरून राहतात, त्यामुळे इम्प्लांट जागेवरून फिरत नाही, हा त्याचा गुण. परंतु अशा कवचांशी निगडित असलेला लिम्फोमाचा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींच्या कर्करोगाचा, एक दुर्मीळ प्रकार पुढे आला आणि २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याची स्वतंत्र आजार म्हणून नोंद घेतली. हा स्तनाच्या ऊतींचा कर्करोग नव्हे. इम्प्लांटभोवती शरीर जो तंतुमय कोष तयार करते, त्यातील रोगप्रतिकारक पेशींचा तो आजार आहे. एप्रिल २०१९ मध्ये फ्रान्सने जास्त खरखरीत कवचांवर बंदी घातली आणि जुलै २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, सांगितल्यावर अ‍ॅलर्गन कंपनीने आपली ‘बायोसेल’ जातीची इम्प्लांट जगभरातून मागे घेतली. शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी एका बाजूचा स्तन अचानक सुजणे, हे या आजाराचे नेहमीचे लक्षण आहे. वेळेत निदान झाल्यास इम्प्लांट आणि कोष पूर्णपणे काढून टाकल्याने बहुतेक रुग्ण बरे होतात. ज्यांच्या शरीरात अशी इम्प्लांट आधीपासून आहेत आणि कोणताही त्रास नाही, त्यांनी ती केवळ भीतीपोटी काढावीत असे एफडीए सांगत नाही. मात्र आज पहिल्यांदा आणि केवळ सौंदर्यासाठी शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या स्त्रीने गुळगुळीत कवच सोडून दुसरे घेण्यास तसेच सबळ कारण असावे.

आतल्या पदार्थाचे मुख्य पर्याय दोन : सलाइन आणि सिलिकॉन जेल. सलाइनचे कवच रिकामे आत सरकवून नंतर भरतात, त्यामुळे छेद लहान पुरतो. ते फुटले तर निर्जंतुक मिठाचे पाणी शरीरात शोषले जाते आणि स्तन थोड्याच दिवसांत बसल्याचे आरशात दिसते. त्याचा दोष असा की, सडपातळ स्त्रीच्या त्वचेखाली त्याच्या सुरकुत्या हाताला लागतात, कधी नजरेलाही दिसतात. जेलचा स्पर्श नैसर्गिक ऊतींच्या अधिक जवळचा असतो. भारतातही सर्जन प्रामुख्याने जेलचीच इम्प्लांट वापरतात. हल्लीचे जेल घट्ट बांधणीचे असते, त्यामुळे कवच चिरले तरी ते पाण्यासारखे वाहत नाही. पण याच गुणामुळे ते फुटल्याचे बाहेरून कळतही नाही. म्हणून जेल निवडणे म्हणजे तपासण्यांचे वेळापत्रकही निवडणे होय : शस्त्रक्रियेनंतर पाच ते सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी एक, अशी एफडीएची शिफारस आहे. निव्वळ सौंदर्यासाठी सलाइनला किमान १८ वर्षे आणि जेलला २२ वर्षे, अशी वयाची अटही अमेरिकेत आहे.

कोणत्या कंपनीचे इम्प्लांट, हा प्रश्न विचारण्यास संकोच करू नये. फ्रान्समधील पीआयपी या कंपनीने वैद्यकीय दर्जाच्या जेलऐवजी औद्योगिक सिलिकॉन भरल्याचे २०१० मध्ये उघडकीस आले, तोवर अनेक देशांतील स्त्रियांच्या शरीरात ती इम्प्लांट बसवली गेली होती. २०१३ मध्ये कंपनीच्या संस्थापकाला कारावासाची शिक्षा झाली. तेव्हा बाजारभावापेक्षा फारच स्वस्त ‘पॅकेज’ पुढे आले की कंपनीचे नाव, मॉडेल आणि भारतातील आयात-परवान्याची माहिती लेखी मागावी.

इम्प्लांट कोठे बसवायचे, याचे उत्तर बोटांच्या चिमटीत असते. सर्जन स्तनाच्या वरच्या भागातील त्वचा आणि चरबी चिमटीत धरून तिची जाडी मोजतात. ती दोन सेंटिमीटरपेक्षा कमी भरली, तर इम्प्लांटच्या कडा उठून दिसू नयेत म्हणून वरचा भाग तरी छातीच्या स्नायूखाली ठेवण्याकडे कल असतो. स्नायूखाली बसवल्यास सुरुवातीची दुखणी अधिक होतात, आणि स्नायू आवळला की इम्प्लांट हलल्याचे दिसू शकते. नियमित सूर्यनमस्कार घालणाऱ्या, पोहणाऱ्या किंवा व्यायामशाळेत वजने उचलणाऱ्या स्त्रीने ही गोष्ट सर्जनला पहिल्याच भेटीत सांगावी.

गोल की थेंबासारखे, हा वाद पुष्कळ रंगतो. पण थेंबासारखे इम्प्लांट आत फिरले तर स्तनाचा आकार बिघडतो, आणि ते फिरू नये म्हणून त्याचे कवच सहसा खरखरीत ठेवतात. म्हणजे पृष्ठभागाचा निर्णय आधी झालेला असल्यास हा वाद बहुतांशी मिटलेला असतो. गोल इम्प्लांट फिरले तरी फरक पडत नाही.

आता आकार. स्तनाच्या तळाची रुंदी मोजून तिच्यात बसणारे इम्प्लांट घ्यायचे, ही मूळ मर्यादा. तिच्या आत राहून उंचवटा कमी-जास्त निवडता येतो. या मर्यादेबाहेर गेल्यास ऊती ताणल्या जातात, कडा काखेकडे सरकतात आणि काही वर्षांनी दुरुस्तीची शस्त्रक्रिया मागे लागते. सर्जनकडे ब्रामध्ये घालून पाहण्याचे नमुने असतात, पण ती पाच मिनिटांची पाहणी अपुरी वाटते. घरी दोन घट्ट बंद होणाऱ्या पिशव्यांत प्रत्येकी ३०० मिलिलिटर पाणी मोजून भरावे, त्या सैलशा ब्रामध्ये ठेवाव्यात आणि दिवसभर जिने चढावेत, वाकून केर काढावा. दिसण्याचा नेमका अंदाज त्यातून येणार नाही, परंतु छातीवर सहाशे ग्रॅम वजन कायमचे बाळगणे म्हणजे काय, हे संध्याकाळपर्यंत खांद्यांना कळते.

स्तन ओघळलेले असतील, म्हणजे स्तनाग्र स्तनाखालच्या घडीच्या पातळीपेक्षा खाली गेले असेल, तर केवळ इम्प्लांटने ते उचलले जात नाहीत. त्यासाठी उचलण्याची शस्त्रक्रिया वेगळी असते. पुढे बाळाला अंगावर पाजायचे असल्यास स्तनाग्राभोवतीचा छेद शक्यतो टाळावा.

इम्प्लांट जन्मभराचे नसते. भोवतालचा कोष आवळून स्तन कडक होणे, कवच फुटणे किंवा मन बदलणे, यांपैकी कोणत्याही कारणाने पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते. काही स्त्रिया थकवा आणि सांधेदुखीची तक्रार करतात, तिचे कारण अद्याप निश्चित झालेले नाही, पण एफडीएने २०२१ पासून सक्तीच्या केलेल्या इशाऱ्यात तिचाही उल्लेख आहे. आपल्याकडे निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विमा देत नाही, शिवाय बिलावर जीएसटीही लागतो. म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेचे अंदाजपत्रक घेतानाच इम्प्लांट काढण्याचा किंवा बदलण्याचा खर्चही विचारून घ्यावा.

सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीतील एमसीएच किंवा डीएनबी पदवी आहे ना आणि वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी आहे ना, हे पाहावे. ‘कॉस्मेटिक तज्ज्ञ’ ही पाटी पुरेशी नाही. आणि एक गोष्ट आपणहून सांगावी : धूम्रपान नसले तरी मिश्री लावण्याची सवय असेल तर ती. निकोटिनमुळे रक्तपुरवठा घटून जखम भरण्यास अडथळा येतो, आणि मिश्रीला तंबाखू समजण्याची आपल्याकडे रीत नसल्याने ही सवय तपासणीच्या अर्जात लिहायची राहून जाते.

रुग्णालयातून निघताना इम्प्लांटचे कार्ड मागून घ्यावे. त्यावर कंपनी, मॉडेल, आकारमान आणि दोन्ही बाजूंचे अनुक्रमांक असतात. त्याचे छायाचित्र मोबाइलमध्ये आणि मूळ प्रत घरच्या कागदपत्रांत ठेवावी. पुढे मॅमोग्राफीच्या वेळी इम्प्लांट असल्याचे तंत्रज्ञाला आधीच सांगावे, कारण त्यासाठी इम्प्लांट मागे सारून जादा छायाचित्रे घ्यावी लागतात.