बेळगावच्या हवेत ल्युपिन: दसऱ्याला बी, माघात तुरे

ल्युपिन म्हणजे उभ्या तुऱ्यांत फुलणारं बागेतलं फूलझाड. त्याच्या बियांच्या पाकिटावर बहुतेक वेळा 'बहुवार्षिक' असं छापलेलं असतं. ते थंड मुलखातलं खरं. आपल्याकडे एप्रिलचं ऊन तापलं की झाड बसतं, म्हणून हे हिवाळी फूल समजूनच लावावं. रसेल संकर (ल्युपिनच्या बहुवार्षिक संकरित जाती) दिसायला देखणे, पण पहिल्याच हिवाळ्यात फुलतील याचा भरवसा नाही. हार्टवेगी ही मेक्सिकोतली वर्षायू जात मिळाली तर तीच घ्या.

खरा प्रश्न मातीचा. ल्युपिनला किंचित आंबट, निचऱ्याची जमीन लागते. खानापूर, बेळगावकडच्या तांबड्या मातीत फारसं काही करावं लागत नाही. थोडं कुजलेलं पालापाचोळ्याचं खत पुरे. निपाणी, चिकोडी, अथणीच्या काळ्या रानात मात्र पाणी धरून राहतं, चुनखडी असते. पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर कारण हेच. तिथे वाफ्याचा नाद सोडून तांबडी माती आणि वाळू घालून किमान फूटभर खोल कुंडी भरावी. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर साठवलेलं पावसाचं किंवा नदीचं द्यावं.

पाऊस ओसरला की, दसरा ते दिवाळीच्या दरम्यान, बी टाका. टरफल टणक असतं. रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. फुगलेलं बी लगेच पेरा, न फुगलेलं पॉलिश पेपरवर हलकं घासून पुन्हा भिजवा. एक सेंटीमीटर खोल, फूटभर अंतरावर, शक्यतो कायमच्या जागीच. सोटमूळ दुखावलं की रोप मान टाकतं. कागदी कपात केलंच, तर दोन-तीन पानांवर असतानाच कपासकट जमिनीत ठेवा. उगवायला दहा-पंधरा दिवस लागतात, तोवर माती ओलसर हवी, चिखल नको.

युरिया अजिबात नको. भातकापणीनंतर आपल्याकडे मसूर पेरतात, त्याच कुळातलं हे झाड. मुळांवरच्या गाठींतून नत्र स्वतःच मिळवतं. वरून नत्र दिलं तर पाला माजतो, तुरा येत नाही. ऊन सकाळपासून भरपूर, पाणी माती वरून सुकल्यावर, तेही बुडाशी.

कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो. आधी पाण्याच्या फवाऱ्याने धुवा. भागलं नाही तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणपाणी, संध्याकाळी. रोपं लहान असताना गोगलगायी रात्रीत फडशा पाडतात, त्या हातानेच वेचाव्यात.

तुरा खालून वर उमलत जातो. वरची फुलं सुकली की दांडा कापा, बाजूचे लहान तुरे येतात. शेंगा धरू न देण्याचं आणखी एक कारण आहे: बी विषारी असतं. लहान मुलं, शेळ्या, म्हशी यांच्यापासून जपा.

झाड वाळलं की उपटू नका. जमिनीलगत कापून मुळं तिथेच कुजू द्या, आणि पावसाळ्यात त्या जागी झेंडू लावा.