स्थिरचित्राची मांडणी दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी लावण्यासाठी

नोकरी आणि घर सांभाळून चित्रकला शिकणाऱ्याचे स्थिरचित्र सहसा एका बैठकीत पुरे होत नाही. जेवणासाठी टेबल मोकळे करावे लागते आणि दुसऱ्या दिवशी तांब्या, नारळ, कंदील अंदाजाने मांडले की सावल्या रेखाटनाशी जुळत नाहीत.

यासाठी टेबलावर खाकी कागद पसरावा, त्याचे कोपरे खडूने टेबलावर आखावेत आणि वस्तू मांडून झाल्यावर प्रत्येकीच्या बुडाभोवती पेन्सिल फिरवावी. नारळ घरंगळू नये म्हणून त्याखाली फडक्याची लहान चुंबळ ठेवावी आणि शेंडी कोणत्या दिशेला आहे ते बाणाने दाखवावे. नंतर सावल्यांच्या कडा आखून शेजारी वेळ लिहावी. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बसणे महत्त्वाचे. खुर्चीच्या पायांच्या खुणाही जमिनीवर कराव्यात, कारण बसण्याची जागा किंवा डोळ्यांची उंची थोडी जरी बदलली, तरी तांब्याच्या तोंडाचे लंबवर्तुळ लगेच बदलते. उत्तरेची खिडकी असल्यास उत्तम, कारण तिच्यातून सहसा थेट ऊन येत नाही. मात्र मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत कोकणात दुपारचा सूर्यही उत्तरेकडे झुकलेला असतो, हे ध्यानात असावे.

हापूस आंबा किंवा रतांबे मांडणीत असतील, तर त्यांचे रंग पहिल्याच दिवशी भरून घ्यावेत; पिकत्या फळाचा रंग दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच राहत नाही.