उन्हाळ्यात कोंबड्या मरतायत? रात्री बॅटरी घेऊन खुराडं बघा

उन्हाळ्यात गावरान कोंबड्यांत मर लागली की आपल्याकडे सगळे लगेच मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, म्हणून मोकळे होतात. हिरवी पातळ विष्ठा, पिसं फुगवून पेंगणं, तुरा फिका पडणं, पाय लुळे पडणं हे राणीखेतमध्ये पण दिसतं हे खरंय, पण लस वेळेवर दिलेली असून पक्षी मरत असतील तर स्पायरोकीटोसिसचा, म्हणजे गोचिडीतून येणाऱ्या तापाचा संशय घ्याच. बोरेलिया अँसेरिना हा त्याचा बॅक्टेरिया, आणि तो पसरवणारी अर्गास जातीची मऊ गोचीड.

ही गोचीड गुरांच्या गोचिडीसारखी अंगावर राहत नाही. दिवसभर भिंतीच्या भेगा, बांबूच्या फटी, दांड्याचे सांधे इथं लपते, रात्री बाहेर येऊन अर्धा-पाऊण तास रक्त पिते आणि परत फटीत. म्हणून दिवसा कोंबडी कितीही तपासली तरी मोठी गोचीड दिसत नाही, फक्त तिची बारीक पिल्लं काही दिवस पंखाखाली चिकटून असतात, तिथं नक्की बघा. खुराडं चार-सहा महिने रिकामं ठेवलं की गोचीड मरेल असं समजू नका, मोठी गोचीड उपाशीपोटी वर्षानुवर्षं जगते आणि जंतू तिच्या अंड्यांतून पुढच्या पिढीतही जातो!

पक्षी तापलेला असतानाच, कुठलंही इंजेक्शन द्यायच्या आधी, दवाखान्यात नेऊन काचेवर रक्ताचा थेंब घेऊन तपासून घ्या, कारण उशीर झाला की रक्तात जंतू सापडत नाही. मेलेला पक्षी पण न्या, यात प्लीहा सुजून मोठी आणि ठिपकेदार होते. रोग हाच निघाला तर पेनिसिलीन किंवा टेट्रासायक्लीन चांगलं लागू पडतं, राणीखेतवर मात्र यांचा काही उपयोग नाही. डोस डॉक्टरांनाच ठरवू द्या, अंडी किती दिवस खायची-विकायची नाहीत तेही विचारा.

पण नुसतं औषध देऊन त्याच खुराड्यात सोडल्या तर परत तेच. पक्षी, अंडी, खाद्य, पाणी सगळं बाहेर काढून डॉक्टरांनी सांगितलेलं गोचीडनाशक फटीफटीत जाईल असं मारा, पूर्ण वाळल्याशिवाय पक्षी आत घेऊ नका, आणि दोन-तीन आठवड्यांनी परत मारा कारण अंड्यांतून नवी पिल्लं निघतात. भेगा सिमेंटनं बुजवा, किडकी लाकडं जाळून टाका, दांडे भिंतीला टेकू देऊ नका. बाजारातून आणलेले पक्षी दोन आठवडे वेगळे ठेवा, आणि कुणाचं जुनं खुराडं स्वस्तात मिळतंय म्हणून उचलून आणू नका.