पिकअप घेताना या चुका टाळा: आधी वजनकाटा, मग शोरूम

आमच्या जुन्नर-ओतूर पट्ट्यात टोमॅटोला दोन पैसे बरे मिळाले की त्या हंगामात दर वाडीत एखादी तरी नवी पिकअप येते. हार घातलेला, नारळ फोडलेला, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. दोन-अडीच वर्षांनी त्यातल्याच काही गाड्या काचेवर ‘विकणे आहे’ लिहून रस्त्याकडेला उभ्या दिसतात. दरवेळी मालक गाडीला बोल लावतो. खरं तर बहुतेक वेळा गाडी चांगलीच असते, घेतानाचा हिशोब चुकलेला असतो. किंमत पाहिलेली असते, हप्ता पाहिलेला असतो, शेजाऱ्यानं कोणती घेतली तेही पाहिलेलं असतं. आपला माल किती किलोचा आणि गाडीचं पासिंग (कागदोपत्री मंजूर वजन) किती, एवढंच राहून गेलेलं असतं. गाडी नवी घ्या नाहीतर जुनी, बाकीच्या चुका इथूनच सुरू होतात.

‘दीड टनाची’, ‘पावणेदोन टनाची’ या शब्दांवर भुलणं

शोरूममध्ये सांगितलेला टनाचा आकडा आणि तुमच्या हौद्यात कायद्यानं बसणारा माल यांत बराच फरक असतो. खरा हिशोब आरसी बुकावर असतो. तिथं दोन आकडे दिसतील, गाडीचं रिकामं वजन आणि भरलेल्या गाडीचं एकूण वजन. समजा या दोहोंमधला फरक १,३१० किलो आहे. त्यातून ड्रायव्हर आणि सोबतचा माणूस मिळून १४० किलो वजा करा. नंतर बसवलेली जाळी, ताडपत्री, दोर, जॅक यांचे ९० किलो धरा. उरले १,०८० किलो. आमच्याकडे टोमॅटोचं कॅरेट २० किलोवर विकलं जातं, पण रिकाम्या कॅरेटलाही वजन असतं. भरलेलं कॅरेट २२ किलोचं धरलं तर गाडीत बसतात ४९ कॅरेट. ‘१.३ टन’ ऐकून घरी आलेला माणूस १,३०० ला २० नं भागतो आणि ६५ कॅरेटचं गणित मांडून मोकळा होतो. सोळा कॅरेटचा फरक गाडी दारात येण्याआधीच पडलेला असतो.

म्हणून गाडी बघायला जाण्याआधी मागच्या हंगामातल्या काट्याच्या पावत्या काढा. सर्वांत जड फेरी किती किलोची होती, नेहमीची किती किलोची, घाट लागतो का, परतीला खत-औषधं भरून येता का, हे कागदावर लिहा. कांद्याच्या ५० किलोच्या गोण्या असतील तर हौदा अर्धा भरण्याआधीच वजन पुरं होतं. तिथं लांब हौद्याला पैसे मोजण्यात अर्थ नाही, मजबूत गाडी हवी. कोथिंबीर, मेथी, फुलं यांचं उलटं आहे, जागा संपते पण वजन होत नाही. तिथं लांब हौदा कामाला येतो.

मोठं पासिंग घेताना आणखी एक गोष्ट बघा. एकूण वजन ३,००० किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, त्याच्या वर लागतं. थोडी मोठी गाडी घेतली आणि परमिटचं नंतर कळलं, असे किती तरी जण मला भेटलेत. लायसन्सची मात्र काळजी नको. साधं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन्स असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवू शकतो, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये शिक्कामोर्तब केलं आहे.

जादा मालाच्या भरवशावर हप्ता बसवणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच, आणि ती कुणी चूक मानतच नाही. ‘पासिंगएवढाच माल भरला तर परवडतं कुठं?’ हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. पासिंगएवढा माल भरून हप्ता, डिझेल, ड्रायव्हर आणि विमा निघत नसेल, तर ती गाडी तुमच्या धंद्याची नाही. एक तर मोठी गाडी घ्या, नाहीतर भाड्यानं माल पाठवा.

ओव्हरलोडचा दंड मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, आणि जादा माल जागेवर उतरवण्याचा खर्चही आपलाच. एका चलनात एका हप्त्याइतके पैसे जातात. पण दंड कधीतरीच बसतो. माळशेज किंवा कसारा घाट उतरताना जादा माल ब्रेकवर दर फेरीला बसतो. ड्रम तापतात, लायनर जळाल्याचा वास येतो, पेडल दाबावं तसं खाली जातं आणि गाडी हवी तशी थांबत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हे जुने ड्रायव्हर उगाच सांगत नाहीत.

पाट्यांची (मागच्या स्प्रिंगची) एक पट्टी वाढवली की गाडी जास्त माल ओढते, असं गावोगावी समजतात. पट्टी वाढवल्यानं गाडी मागून खाली बसत नाही, एवढंच. ब्रेक तेच, बेअरिंग तीच, एक्सल तोच, टायर तेच. आरसीवरचा आकडाही तोच राहतो.

हप्त्याबद्दल आणखी एक. व्याज ‘फ्लॅट’ (शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर) की घटत्या शिल्लकेवर, हे विचारल्याशिवाय सही करू नका. आठ लाखांचं कर्ज, चार वर्षं, ८ टक्के फ्लॅट. ऐकायला छान वाटतं. व्याज होतं २,५६,००० रुपये आणि हप्ता २२,०००. हाच हप्ता घटत्या शिल्लकेच्या पद्धतीनं मोजला तर व्याजदर १४ टक्क्यांच्या वर जातो. शेजारची बँक १२ टक्के सांगते म्हणून तिला महाग ठरवून आपण ८ टक्केवाल्याकडे जातो, आणि मग गाडी म्हणजे नाकापेक्षा मोती जड होते.

जुनी गाडी उभ्यानं बघणं

जुन्या गाडीनं काय काय सोसलंय ते तिच्या खाली आडवं झाल्याशिवाय कळत नाही. चार वर्षांपूर्वी धाकट्या भावासाठी मंचरच्या बाजूला एका यार्डात गाडी बघायला गेलो होतो. पांढरीशुभ्र, नवीन सीट कव्हर, डॅशबोर्डवर गणपती, मीटरवर ७८,००० किलोमीटर. ‘एकहाती वापरलेली आहे, डोळे झाकून घ्या,’ असं सांगितलं गेलं. सोबत आमचे फिटर मामा होते. त्यांनी बोनेट उघडलंच नाही. पोतं अंथरलं, गाडीखाली शिरले आणि मला हाक मारली, “बापू, इकडं ये. हात लाव इथं.”

केबिन संपते आणि हौदा सुरू होतो, तिथं चॅसीच्या खालच्या अंगाला मी बोट फिरवलं. वरून गुळगुळीत काळा रंग. पण बोटाखाली उंचवटा लागला, जुन्या जखमेचा वण लागावा तसा. मामांनी स्क्रू ड्रायव्हरनं रंग खरवडला तेव्हा वेल्डिंगची रेघ दिसली आणि तिच्यावर ठोकलेली पट्टी. “वाकलेली ही. जड माल, वर खड्डा. इथंच वाकते.” मग त्यांनी पाट्यांच्या पट्ट्या मोजायला लावल्या. डाव्या बाजूला सहा, उजव्या बाजूला सात, आणि सातवी पट्टी बाकीच्यांपेक्षा नवी. मीटरवरचे ७८,००० किलोमीटर खरे असतील किंवा नसतीलही, ते मग आम्ही विचारलंच नाही.

तेव्हापासून मी खालूनच सुरुवात करतो. चॅसीला ताजा काळा रंग दिसला की आधी बोट फिरवायचं. पाट्यांच्या पट्ट्या दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, एखादीला चीर आहे का, यू-बोल्टपाशी गंज फुटलाय का. सपाट जागेवर रिकामी गाडी उभी करून मागून बघायचं, एका अंगाला कललेली असेल तर पाटे थकलेत. फाळका उघडून लावून पाहायचा. हौदा पिरगळला असेल तर कडी जागेवर बसत नाही, लाथ मारावी लागते. मागचे टायर आतल्या किंवा बाहेरच्या कडेनंच घासलेले असतील तर विक्रेत्याला कारण विचारा. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो, तोही वाचा. २३२१ असेल तर टायर २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यातला. पाच-सहा वर्षांचं रबर जाळीसारखं तडकतं, नक्षी कितीही खोल असली तरी. पुढं-मागं रिमोल्ड (जुन्यावर नवी नक्षी चढवलेले) टायर चढवलेत का तेही बघा.

इंजिन थंड असतानाच बघायचं. पोचल्यावर पहिल्यांदा बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर तुमच्या आधी कुणीतरी गाडी चालू करून ठेवली आहे; चहा प्या, तासाभरानं परत या. थंड इंजिन एका झटक्यात लागलं पाहिजे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. काळा धूर इंजेक्टरकडे किंवा तुंबलेल्या एअर फिल्टरकडे बोट दाखवतो. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरमध्ये तेलाचा तवंग दिसला, तर हेड गॅस्केटचं काम समजा. मग इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडा. वाफ दाबानं बाहेर येत असेल, झाकण थडथडत असेल, तर तेच ते बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब खाली ऑइलच्या बाजूला निसटतोय. अशी गाडी घेणार असाल तर इंजिनकामाचे पैसे किमतीतून आधीच वजा करा.

आणि चालवून बघताना रिकामी चालवू नका. पिकअप रिकामी असताना ठणठणत, उड्या मारतच चालते, तिचे दोष त्या आवाजात लपतात. हौद्यात दहा-वीस गोण्या टाका आणि एखाद्या चढाला न्या. चढावर दुसरा गिअर उडतोय का, इंजिनचा आवाज वाढूनही गाडी पुढं सरकत नाही म्हणजे क्लच घसरतोय का, मागून क्राऊनचा (मागच्या एक्सलमधल्या गिअरचा) हुंकारासारखा आवाज येतोय का, क्लच सोडताना-पकडताना खालून ‘टक्’ होतंय का. ‘टक्’ बहुतेक वेळा प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसचं (सांध्याचं) असतं, तो खर्च फार नाही. क्राऊनचा मात्र आहे. विक्रेता माल टाकून गाडी द्यायला तयार नसेल तर तिथून निघा.

दूध गोळा करायला बीएस-६ डिझेल

एप्रिल २०२० पासूनच्या, म्हणजे बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या, डिझेल गाड्यांत धूर गाळणारा डीपीएफ असतो. त्यात साठलेली काजळी जळायला गाडी गरम होऊन सलग चालावी लागते. दर अर्ध्या किलोमीटरला थांबणारी दुधाची गाडी कधी नीट तापतच नाही, मग दिवा लागतो, ताकद जाते आणि मालक कंपनीला शिव्या देतो. असं काम असेल तर आठवड्यातून एक-दोनदा तरी गाडी हायवेवर अर्धा तास सलग पळवा, आणि दिवा लागला तर मॅन्युअलमध्ये सांगितलंय तसं वेळेत करा. जुनी बीएस-६ घेताना डीपीएफ आतून पोकळ केलेला नाही ना, हे फिटरकडून बघून घ्या. गाडीला धूर शुद्ध करायला युरियाचं द्रावण लागत असेल तर त्याची टाकी आणि सेन्सर चालू आहेत का तेही.

सीएनजीचा पर्याय जवळच्या फेऱ्यांना चांगला. फक्त टाक्यांचं वजन पासिंगमधून जातं, आणि टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी करावी लागते. तिचं सर्टिफिकेट मागा.

कागद ‘नंतर बघू’ म्हणणं

पांढऱ्या नंबरपाटीची देखणी पिकअप घेऊन भाडं मारणं हा प्रकार हल्ली वाढलाय. खासगी नोंदणीच्या गाडीनं भाडं करता येत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनीच्या हाती आयतं कारण सापडतं. हौद्यात मजूर बसवून शेतावर नेण्याचंही तेच. मालवाहू गाडीचा विमा हौद्यातल्या प्रवाशांसाठी नसतो. काही झालं तर भरपाई मालकाच्या जमिनीवर येते. हे मी फार जवळून पाहिलंय, म्हणून हात जोडून सांगतो, मजूर हौद्यात बसवू नका.

जुन्या गाडीचा चॅसी नंबर आरसीशी स्वतः ताडून पाहा, फोटोवर विसंबू नका. परिवहनच्या साइटवर फिटनेस, विमा, टॅक्स आणि चलनं बघा. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं, तेव्हा सात वर्षांची गाडी स्वस्त वाटली तरी पुढचा खर्च धरा. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबरपाटी बसवली आहे का विचारा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर ‘कर्ज फिटलंय’ हे तोंडी शब्द चालत नाहीत. बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

विकणाऱ्यासाठीही हे तितकंच मोलाचं आहे. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी दिली आणि घेणाऱ्यानं ती नावावरच केली नाही, तर अपघाताची भरपाई आरसीवर नाव असलेल्याकडे मागितली जाते. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमाही १४ दिवसांत नावावर करून घ्यायचा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याची सूट) नव्या मालकाला मिळत नाही, त्यामुळे विम्याचा हप्ता थोडा वाढेल.

आणि ज्या दिवशी गाडी ताब्यात घ्याल किंवा द्याल, त्या दिवशी ताबा पावती करा. मीटरचं वाचन, स्टेपनी-जॅक दिले की नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या, तारीख आणि नेमकी वेळ. संध्याकाळी साडेपाचला गाडी दिली आणि त्याच दिवशी सकाळी अकराचं चलन आलं, तर ते कुणी भरायचं हे त्या पावतीवरून ठरतं.