गाडी धूर मारतेय? इंजिन खोलायच्या आधी हे बघा

सायलेन्सरमधून निळसर धूर दिसला की गॅरेजमध्ये लगेच "हाफ इंजिन करावं लागेल", म्हणजे बोअर-पिस्टनचं काम, असं ऐकू येतं. कधी ते खरंही असतं, पण पुष्कळदा नुसतं व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हवरून ऑइल आत झिरपू न देणारं रबर) बदलून भागतं. म्हणून रंग बघाच, पण धूर नेमका कधी येतो हे त्याहून नीट बघा. स्प्लेंडर, शाईनसारख्या फोर-स्ट्रोक गाड्या धरून सांगतो.

आधी गाडी मेन स्टँडवर लावून ऑइल बघा. ऑइलची काडी (डिपस्टिक) आटे फिरवून बघायची की नुसती टेकवायची, ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. ऑइल वरच्या खुणेच्याही वर असेल, तर जादाचं ऑइल ब्रीदरच्या (इंजिनातला वायू बाहेर सोडणाऱ्या) नळीतून एअर फिल्टरमध्ये जातं आणि तिथून इंजिनात जळतं. तसं असेल तर पातळी बरोबर करून फिल्टर साफ करा. एवढ्यानेही धूर थांबू शकतो.

आता गार इंजिन सुरू करा, तेही मोकळ्या जागेत. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे बंद पार्किंगमध्ये हा उद्योग नकोच. थंडीत निघणारी पांढरी वाफ गाडी तापली की जाते, तिची काळजी नको. मात्र लिक्विड कूल्ड गाडी तापल्यावरही दाट पांढरा धूर सोडत असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा (सिलिंडर आणि त्याच्या हेडमधल्या पॅकिंगचा) संशय घ्या आणि गाडी चालवू नका.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. सकाळी स्टार्ट करताच भपकन आला आणि मिनिटभरात गेला, तर रात्रभर सीलमधून ऑइल झिरपलेलं असतं. घाट उतरताना थ्रॉटल बराच वेळ बंद ठेवून पुन्हा पिळला आणि मागे निळा लोट उठला, तरी बोट सीलकडेच जातं. याउलट चढावर, डबलसीट, इंजिनवर जोर पडताना धूर वाढत असेल तर रिंग (पिस्टनवरची कडी) किंवा बोअर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते नळकांडं) झिजलाय. खात्री हवी असेल तर मेकॅनिकला काँप्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजायला सांगा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा चांगलाच वाढला तर दोष रिंग-बोअरचा. ही चाचणी झाल्याशिवाय बोअर-पिस्टनला होकार देऊ नका.

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. चोक अडकलाय का, एअर फिल्टर चोंदलाय का, कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतोय का ते बघा. बीएस-6 (नव्या, फ्युएल इंजेक्शनच्या) गाडीत आधी चेक इंजिनचा दिवा बघा.

शेवटी प्लग काढा. टोकाला कोरडी, बोटाला लागणारी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. ओला, तेलकट काळा थर असेल तर ऑइल. तपकिरी प्लग चांगला.

आरएक्स 100 सारख्या टू-स्ट्रोक गाडीत टू-टी ऑइल जळतच असतं, त्यामुळे हलका निळा धूर चालायचाच. पण धूर अचानक वाढला आणि गिअर ऑइलही कमी व्हायला लागलं, तर क्रँकचं (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं) ऑइल सील बघून घ्या.

निळ्या धुराचं काम होईपर्यंत दर दोन-तीनशे किलोमीटरला काडी बघत जा. ऑइल संपून इंजिन जाम झालं तर खर्च पार क्रँकपर्यंत जातो.