ठाण्यातून रायफल घरी आली की

निवडणूक आटोपली की ठाण्यात जमा केलेली हत्यारं सुटतात, आणि मला लालबाग-परळहून फोन येऊ लागतात. २८ वर्षं मी पोलिसांच्या कोतात, म्हणजे शस्त्रागारात, रायफली उघडल्या, पुसल्या, जोडल्या. बोलावलं की जातो, पण हत्यार लायसन्सवाल्याच्याच हातात. मी शेजारी बसून सांगतो.

बहुतेकांकडे वडिलांची इशापूरच्या सरकारी कारखान्यातली .३१५ बोअरची रायफल असते. लष्कर-पोलिसांची .३०३ साध्या माणसाला ठेवता येत नाही, पण घडण हिचीही तीच, ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश रायफलीची.

आधी काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. चाळीतल्या भिंतीपलीकडे शेजारी असतात, म्हणून नळीचं तोंड वाळूच्या बादलीकडे. मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढा. बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा अडसर, मागे ओढून बाहेर काढा. चेंबरमध्ये, नळीत काडतूस बसतं त्या जागी, करंगळी घालून चाचपा. नुसतं डोळ्यांवर जाऊ नका. मग पुल-थ्रूला, म्हणजे नळी साफ करायच्या दोरीला, चिंधी लावून नळी मागून पुढे ओढा. पावसाळ्यात चिंधी तांबूस निघाली तर तेलाची दुसरी ओढा.

बोल्टच्या दांड्यामागचा नंबर बॉडीवरच्या नंबराशी ताडून बघा. एका ठिकाणी दोन रायफलींचे बोल्ट अदलाबदल होऊन परत आले होते. दोन्ही सहज बसत होते, हीच त्यातली भीती. प्रत्येक बोल्ट आपापल्या नळीसाठी मापून बसवलेला असतो.

बोल्ट हेड, म्हणजे बोल्टचं पुढचं डोकं, शेवटच्या आट्यापर्यंत फिरवा आणि बोल्टच्या बरगडीच्या रेषेत आणा. बोल्ट मागून सरकवा. हेड रुळावर आलं की अंगठ्याने दाबा, टक्कन बसतं. जोर लावावा लागला तर काहीतरी चुकलंय. काढा, पुन्हा घाला.

आता सेफ्टी. रिकामी रायफल कॉक करा, म्हणजे बोल्ट बंद करून स्प्रिंग ताणा. बोल्ट बंद करताना शेवटी स्प्रिंगचा ताण हाताला लागतो. डावीकडचा सेफ्टीचा कॅच मागे घ्या, म्हणजे सेफ. ट्रिगर चांगला दाबा: कॉकिंग पीस, म्हणजे बोल्टच्या मागचं टोक, जागचं हलता कामा नये. बोल्टचा दांडा उचलून बघा, उठता कामा नये. मग ट्रिगर सोडा, बोट बाहेर काढा आणि कॅच पुढे करा.

इथे श्वास रोखून बघा. परळला एका मास्तरांच्या रायफलीत कॅच पुढे होताच पिन खाट्कन सुटली. ट्रिगरला कुणाचंही बोट नव्हतं. त्यांच्या मुलाने कानस काढली होती, मी ती हातातून घेतली. सीअर, म्हणजे ट्रिगर दाबेपर्यंत कॉकिंग पीस अडवून धरणारा खटका, घरी घासायचा नसतो. ती रायफल मास्तरांनी त्याच आठवड्यात लायसन्स असलेल्या गनस्मिथकडे नेली, सोबत लायसन्सचं पुस्तक घेऊन.